पोपटपंचीच्या पुढची शाळा

मेन्सा, मेन्साय, मेन्साय, मेन्साम, मेन्सा.

टेक्सासमधल्या एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये वीस-बावीस मुलं टाळ्यांच्या ठेक्यावर हे म्हणत होती. तिसरी-चौथीच्या वयाची. एकवचन संपलं की श्वास न घेता अनेकवचन: मेन्साय, मेन्सारुम, मेन्सीस, मेन्सास, मेन्सीस. मेन्सा म्हणजे लॅटिनमध्ये टेबल. मी मागे भिंतीशी घडीच्या खुर्चीवर बसले होते आणि माझा पाय आपोआप ठेका धरत होता. तीस वर्षं मी तालुक्याच्या गावी मराठी आणि संस्कृत शिकवलं. पावसाळ्यात पत्र्यावर सरी कोसळत असताना त्या आवाजाच्या वर आवाज चढवून ‘रामः रामौ रामाः’ म्हणणारा आठवीचा वर्ग माझ्या कानात अजून आहे. तोच सूर, तेच डोलणं इथे होतं.

मुलीकडे सहा महिने राहायला गेले होते. तिच्या शेजारच्या आजींचा नातू या शाळेत जातो. मी संस्कृत शिकवायचे हे कळल्यावर त्यांनी मला आग्रहाने शाळा दाखवायला नेलं. अशा शाळांना तिकडे ‘क्लासिकल ख्रिश्चन स्कूल’ म्हणतात. लॅटिन, तर्कशास्त्र, वक्तृत्व, जुने थोर ग्रंथ आणि या सगळ्याच्या मध्यभागी ख्रिस्ती श्रद्धा, अशी त्यांची रचना. त्या दिवसापासून या शाळांबद्दल मिळेल ते वाचत आले आहे आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे. ज्यांनी या शाळा काढल्या त्यांना शिक्षणातली एक फार मोलाची गोष्ट सापडली आणि ती त्यांनी कुंपणाच्या आत ठेवली. ती गोष्ट सगळ्या मुलांच्या हक्काची आहे. सरकारी शाळेतल्या मुलांच्या तर सगळ्यात आधी.

या चळवळीचं मूळ एका भाषणात आहे. १९४७ साली ऑक्सफर्डमध्ये डोरोथी सेयर्स यांनी शिक्षणावर एक निबंध वाचला. सेयर्स रहस्यकथा लिहिणाऱ्या. लॉर्ड पीटर विम्झी हा त्यांचा गुप्तहेर इंग्रजी वाचकांच्या चांगल्या ओळखीचा. ऑक्सफर्डने १९२० मध्ये स्त्रियांना पदव्या द्यायला सुरुवात केली, तेव्हा पदवी मिळालेल्या पहिल्या स्त्रियांपैकी त्या एक. शिकण्याची हत्यारं आपण हरवून बसलो आहोत, असं त्यांचं म्हणणं होतं. आपण मुलांना विषयामागून विषय शिकवतो, पण शिकायचं कसं ते शिकवत नाही. वाचता सगळ्यांना येतं, आणि म्हणूनच छापील शब्द कुणालाही कुठेही ओढून नेतो. शब्द पारखायची हत्यारं कुणी हातात दिलेलीच नाहीत. महायुद्ध संपून दोनच वर्षं झाली होती. प्रचाराने माणसांचं काय होतं हे समोर बसलेल्या प्रत्येकाने पाहिलं होतं.

उपाय म्हणून त्यांनी मध्ययुगातली ‘ट्रिव्हियम’ ही तीन विद्यांची जोडणी पुढे आणली: व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व. मग त्यात स्वतःची भर घातली. या तीन विद्या म्हणजे मुलाच्या वाढीच्या तीन पायऱ्याच आहेत, असं त्या म्हणाल्या. लहानपणी मूल पोपट असतं, ऐकलेलं सगळं आनंदाने साठवतं. तेव्हा पाठांतर करून घ्यावं. बारा-तेराव्या वर्षी ते तोंडाळ होतं, मोठ्यांना शब्दात पकडतं. तेव्हा त्याला नीट वाद घालायला शिकवावं. त्यानंतर त्याच्यातला कवी जागा होतो, स्वतःचं काही सांगावंसं वाटतं, तेव्हा वक्तृत्व. हे कधी अमलात येईल अशी आशा सेयर्स यांनाही नव्हती. तसं त्यांनी भाषणातच बोलून दाखवलं.

तीन दशकं उलटून गेल्यावर अमेरिकेत अशा विचाराच्या शाळा वर्ष-दीड वर्षाच्या अंतराने स्वतंत्रपणे सुरू झाल्या. १९८० मध्ये कॅन्ससमधल्या टोपेका शहरात केअर पॅराव्हेल. हे नाव सी. एस. लुईस यांच्या नार्नियाच्या कथांमधल्या राजवाड्याचं. १९८१ मध्ये इंडियानातल्या साउथ बेंडला ट्रिनिटी स्कूल. आणि त्याच वर्षी आयडाहो राज्यातल्या मॉस्को नावाच्या गावात लोगोस स्कूल. पुढे सगळ्यात मोठा गाजावाजा झाला तो या तिसऱ्या शाळेचा.

मॉस्को हे विद्यापीठाचं छोटं गाव. भोवती उतरत्या टेकड्या, त्यांवर गहू, मसूर आणि वाटाणा. त्या भागाचं नाव पलूस. (आपल्या सांगलीकडचं पलूस आठवून मी नकाशा दोनदा पाहिला.) डग्लस विल्सन हे अमेरिकी नौदलात पाणबुडीवर नोकरी केलेले, मग इथल्या विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकून पाद्री झालेले गृहस्थ. थोरली मुलगी शाळेत घालायच्या वयाची होत होती. सरकारी शाळा नको होती आणि मनासारखी ख्रिस्ती शाळा गावात नव्हती. सेयर्स यांचा निबंध वाचनात आलेला होता. काही पालकांनी मिळून शाळा काढली आणि तिला ग्रीक नाव दिलं. लोगोस म्हणजे शब्द, आणि लोगोस म्हणजे तर्कही. योहानाच्या शुभवर्तमानात ‘प्रारंभी शब्द होता’ असं येतं, तिथला तो शब्द. पुढे ही शाळा एका जुन्या रोलर स्केटिंगच्या हॉलमध्ये भरू लागली. जिथे पोरं चाकांवर घिरट्या घालायची तिथे लॅटिनची विभक्ती चालू झाली, हे चित्र मला फार आवडतं. शाळा भरायला काय लागतं आणि काय लागत नाही, ते त्यात दिसतं.

सरकारी शाळेबद्दलचा असंतोष त्याआधीपासून साचत आला होता. १९६२ आणि १९६३ च्या निकालांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतली शाळेने घडवून आणलेली प्रार्थना आणि बायबलवाचन थांबवलं. अनेक श्रद्धावान कुटुंबांना वाटलं की आपल्या मुलांच्या शाळेतून देवाला बाहेर काढलं. त्या वेळी अमेरिकेत ख्रिस्ती शाळा पुष्कळ निघाल्या. पण त्यातल्या बहुतेक शाळांनी नेहमीचाच अभ्यासक्रम ठेवला आणि वर प्रार्थना लावली. मॉस्को आणि टोपेकाच्या पालकांनी वेगळा प्रश्न विचारला: मुळात शिकवायचं काय आणि कोणत्या क्रमाने? या प्रश्नामुळेच त्यांच्या शाळा इतरांपासून वेगळ्या झाल्या. १९९१ मध्ये विल्सन यांनी आपला अनुभव पुस्तकात मांडला, त्याच्या नावातही सेयर्स यांची हरवलेली हत्यारं आली. ते वाचून गावोगावच्या पालकांनी शाळा काढल्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांची संघटना झाली, १९९४ मध्ये मॉस्कोतच न्यू सेंट अँड्र्यूज हे कॉलेज निघालं. आज अशा शाळा शेकड्यांनी मोजाव्या लागतात.

ही वाढ पैशाने झाली असं मला वाटत नाही. निदान सुरुवातीला तरी नाही. आपल्याकडे संस्था निघते ती जागेपासून. आधी भूखंड, मग इमारत, मग कमान, मग देणगी, मग बस. आणि शिकवायचं काय हा प्रश्न कुणाला पडतच नाही, कारण ते बोर्डाने ठरवलेलं असतं. या लोकांनी उलट्या टोकाने सुरुवात केली. अमुक वर्षांच्या मुलाने काय पाठ करावं, काय वाचावं, कशावर भांडावं हे आधी ठरवलं. इमारत मिळेल ती घेतली. आपल्याकडेही हे कधीच झालं नाही असं नाही. १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि मंडळींनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढलं तेव्हा त्यांच्याजवळ इमारत नव्हती, शिकवण्याबद्दलचा विचार होता.

त्या शाळेत मी आणखी एक गोष्ट पाहिली, ती सांगितल्याशिवाय माझं म्हणणं पुरं होणार नाही. शेवटच्या वर्षाला प्रत्येक विद्यार्थ्याला एक प्रबंध लिहावा लागतो आणि तो सगळ्यांसमोर मांडून त्याचा बचाव करावा लागतो. बहुतेक क्लासिकल शाळांत ही पद्धत आहे. मी गेले त्या दिवशी एका मुलीची तालीम चालू होती. म्हाताऱ्या आईवडिलांची काळजी सरकारने घ्यावी की घरच्यांनी, हा तिचा विषय. वीस मिनिटं ती कागद न पाहता बोलली. मग तीन शिक्षकांनी प्रश्न विचारले आणि ते सोपे नव्हते. एकाने विचारलं, ज्यांना मूलबाळच नाही त्यांचं काय? ती थांबली. टेबलाच्या कडेवर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, “तुमचं बरोबर आहे. माझा दुसरा मुद्दा तिथे अपुरा पडतो. मला तो बदलावा लागेल.” वर्गात कुणी हसलं नाही. शिक्षकाने मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला.

सतरा वर्षांच्या मुलीला चारचौघांत ‘माझा मुद्दा अपुरा पडतो’ असं मान खाली न घालता म्हणता येणं, ही केवढी मोठी कमाई आहे! आपल्याकडे वक्तृत्व स्पर्धा होतात. भाषण शिक्षक लिहून देतात, मूल पाठ करतं, हातवारेही ठरवून दिलेले असतात, आणि प्रश्न कुणी विचारत नाही. मी स्वतः अशी कितीतरी भाषणं लिहून दिली, माझ्या विद्यार्थ्यांनी त्यांवर ढाली आणल्या, आणि आज मला त्याची खंत वाटते. मी त्यांना बोलणं दिलं, विचार करायची संधी दिली नाही.

पाठांतराबद्दल तर आपण टोकाची चूक केली. पंतोजींच्या शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, औटकी पाठ असायची. पुढे ‘घोकंपट्टी नको’ असा आवाज उठला आणि तो योग्यच होता. अर्थ न समजता घोकायला लावणं, छडीने घोकायला लावणं, हा मुलांवर अन्याय होता. पण घोकंपट्टीबरोबर आपण पाठांतरच फेकून दिलं. कविता ‘पाठ करण्यासाठी’ असायची ती ‘समजून घेण्यासाठी’ झाली, आणि शेवटी ना पाठ झाली ना समजली. मी वारकरी घरातली. हरिपाठ मला अर्थ कळायच्या कितीतरी आधी येत होता. अर्थ मागाहून आला, एकेक ओळ करत, काही ओळींचा तर पन्नाशीनंतर. आधी ओळ आत नसती, तर अर्थ उतरायला जागाच नव्हती. ‘पोपटपंची’ ही आपल्या भाषेत शिवी आहे. सेयर्स यांनी पोपटालाही त्याचं वय आणि त्याचा मान दिला, आणि पुढे त्याने तिथेच थांबू नये याची सोय केली. यासाठी मी त्यांची ऋणी आहे.

आता जे पटत नाही ते.

पहिली गोष्ट, तीन पायऱ्यांचा हा जिना मध्ययुगीन नाही. मध्ययुगात व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व हे विषय होते, मुलाच्या वयाच्या अवस्था नव्हत्या. अवस्थांची कल्पना सेयर्स यांची, १९४७ ची. ती सुंदर आहे, उपयोगी आहे, पण पुष्कळ शाळा तिला परंपरेचा शिक्का मारून कायद्यासारखी राबवतात. तीस वर्षं वर्गात काढलेल्या कुणालाही विचारा. पाच वर्षांचं मूल ‘का’ विचारून हैराण करतं आणि नववीतला मुलगा क्रिकेटचे आकडे पोपटासारखे पाठ करतो. दहा वर्षं साठवत जा, वाद नंतर, असं मुलाला सांगितलं तर वाद घालायची त्याची इच्छाच विझून जाईल.

दुसरी गोष्ट कुंपणाची, आणि ती मोठी आहे. त्या शाळेचा प्रवेश अर्ज मी वाचला. आईवडिलांपैकी निदान एकाने श्रद्धेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करावी अशी अट होती. सगळ्या क्लासिकल ख्रिस्ती शाळा अशा नसतात. काही शाळा कुणालाही घेतात, फक्त आम्ही काय शिकवतो ते मान्य असू द्या, एवढंच सांगतात. पण अट घालणाऱ्या शाळा पुष्कळ आहेत, आणि सही करणाऱ्यालाही फी भरावीच लागते.

इथे मला दोन्ही बाजू जड वाटतात. आपली शाळा काढायचा हक्क अमेरिकेत सहज मिळालेला नाही. १९२२ मध्ये ओरेगन राज्याने प्रत्येक मुलाने सरकारी शाळेतच जावं असा कायदा केला; कॅथलिक शाळा बंद पाडण्यासाठी कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्चस्ववादी संघटनेने त्याला जोर लावला होता. कॅथलिक जोगिणींचा, म्हणजे नन्सचा, एक संघ न्यायालयात गेला आणि १९२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा मोडीत काढला. मूल ही सरकारची मालमत्ता नाही, हे तत्त्व तिथे कायम झालं. हा हक्क मला पवित्र वाटतो. पण त्याच हक्काचा आधार घेऊन, काळ्या आणि गोऱ्या मुलांनी एकत्र शिकावं असा १९५४ चा निकाल आल्यावर, दक्षिणेत गोऱ्यांनी आपल्यापुरत्या खाजगी शाळा काढल्या. शाळा कशाच्या ओढीने निघाली आणि कुणाच्या भीतीने निघाली, हे दरवेळी विचारावंच लागतं.

मॉस्कोच्या शाळेलाही हा प्रश्न विचारावा लागतो. १९९६ मध्ये विल्सन यांनी दुसऱ्या एका पाद्र्याबरोबर दक्षिणेतल्या गुलामगिरीवर एक पुस्तिका लिहिली. ती गुलामगिरी सांगतात तितकी क्रूर नव्हती, मालक आणि गुलाम यांच्यात जिव्हाळा होता, असा तिचा सूर. त्याच गावातल्या विद्यापीठाच्या इतिहासकारांनी ती मुद्द्यामुद्द्याने खोडून काढली. मला याचं मनापासून दुःख होतं. ज्या माणसाने मुलांना तर्क शिकवायचा ध्यास घेतला, त्याचाच तर्क माणसाच्या विक्रीची सफाई देऊ लागतो! तर्कशास्त्राची धार कितीही असली तरी ती कोणत्या दिशेला चालवायची ते तर्कशास्त्र सांगत नाही. ते शेजारी बसलेला सांगतो. आणि वर्गात शेजारी बसणारा आपल्यासारखाच असेल, आपल्याच चर्चचा, आपल्याच रंगाचा, आपल्याच ऐपतीचा, तर ‘ज्यांना मूलबाळ नाही त्यांचं काय’ हा प्रश्न येणार कुठून?

उलट उदाहरण शिकागोचं आहे. मार्वा कॉलिन्स या कृष्णवर्णीय शिक्षिकेने १९७५ मध्ये सरकारी शाळेतली नोकरी सोडली आणि आपल्या पेन्शनच्या पैशातले पाच हजार डॉलर घालून राहत्या घरात शाळा काढली. मुलं गरीब वस्तीतली, त्यातल्या कित्येकांच्या नावापुढे ‘याला शिकवून उपयोग नाही’ असा शेरा आधीच पडलेला. त्या मुलांना त्यांनी शेक्सपिअर वाचायला दिला, प्लेटो दिला, मोठ्याने वाचून घेतलं, पाठ करून घेतलं, प्रश्न विचारले. थोर ग्रंथ सगळ्यांना झेपत नाहीत असं म्हणणाऱ्यांना याहून वेगळं उत्तर द्यायची गरज नाही. मॉस्कोच्या आधी सहा वर्षं हे घडलं होतं.

अभिजात म्हणजे ग्रीक आणि लॅटिनच, हाही त्या शाळांचा एक समज आहे, आणि तिथे आपल्याला बोलायचा पूर्ण अधिकार आहे. क्लासिकल ख्रिस्ती शाळा आपल्या किनाऱ्यावर मॉस्कोच्या कितीतरी आधी आली. गोव्याचं सेंट पॉल कॉलेज सोळाव्या शतकाच्या मध्याचं. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाने १५९९ मध्ये आपला अभ्यासक्रम जगभरासाठी पक्का केला: आधी लॅटिन व्याकरण, मग साहित्य, मग वक्तृत्व. अशाच लॅटिनच्या शिस्तीत वाढलेले इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्याला आले. व्याकरणाची सवय असलेल्या माणसाने इथली बोली ऐकली, तिचं व्याकरण लिहिलं, आपल्या संतांची ओवी कानात साठवली आणि अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं ‘ख्रिस्तपुराण’ रचलं. १६१६ मध्ये ते गोव्यातल्या राचोलला छापलं. त्यात मराठीचं जे कौतुक आहे ते वाचून आजही डोळे भरून येतात. लॅटिनच्या शिक्षणाने त्यांना मराठीपासून दूर नेलं नाही, मराठीच्या दारात आणून सोडलं. याच गोव्यात १६८४ मध्ये पोर्तुगीज विजरईने (व्हाइसरॉयने) फर्मान काढलं की लोकांनी आपली भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलायला शिकावं. एकाच राजवटीखाली, एकाच धर्माच्या नावाने या दोन वाटा गेल्या. आजच्या कुठल्याही अभिजात शाळेने यातली कोणती वाट आपली, हे उघड सांगावं.

आणि पंडिता रमाबाई. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवलं आणि आई लक्ष्मीबाईंनी लेकीला. भागवताचे अठरा हजार श्लोक रमाबाईंनी लहानपणी मुखोद्गत केले. हे पाठांतर पुढे वादाच्या वयाला आलं तेव्हा कलकत्त्याच्या पंडितांना त्यांना ‘सरस्वती’ म्हणावं लागलं. इंग्लंडमध्ये त्या ख्रिस्ती झाल्या, १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. धर्माच्या बाबतीत शाळा तटस्थ राहील असं आश्वासन होतं. पण बाईंच्या प्रार्थनेत मुली जाऊन बसतात हे बाहेर कळलं आणि १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठलं. ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडलं, पालकांनी मुली काढून नेल्या. श्रद्धा शाळेच्या मध्यभागी असावी की नाही, हा प्रश्न आयडाहोच्या कितीतरी आधी महाराष्ट्राने आपल्या अंगावर घेतला आहे.

मला या प्रकरणात दोन्ही बाजूंचं मन कळतं. पालकांना फसवलं गेल्यासारखं वाटलं. रमाबाईंना आपली प्रार्थना दाराआड लपवता येईना. म्हणूनच मॉस्कोच्या लोकांची एक गोष्ट मी मोकळेपणाने मान्य करते: आम्ही ख्रिस्ती आहोत आणि ख्रिस्ती म्हणूनच शिकवू, हे त्यांनी पहिल्या दिवसापासून पाटीवर लिहिलं. लपवलेल्या श्रद्धेपेक्षा पाटीवरची श्रद्धा बरी. पण रमाबाईंकडे जे होतं ते त्यांच्याकडे कमी आहे. रमाबाईंनी केडगावला उभारलेल्या मुक्ती सदनात दुष्काळातून उचलून आणलेल्या, कुणाला नको असलेल्या मुली होत्या. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मुळावरून त्यांनी बायबल मराठीत आणलं. टाइप जुळवणं, छापणं हे काम तिथल्याच मुली-बायकांनी केलं. अभिजात भाषा, श्रद्धा आणि ज्यांना कुणी आत घेत नाही त्यांच्यासाठी उघडं दार, हे तिन्ही एका छपराखाली केडगावात होतं.

आपल्याला ख्रिस्ती किंवा हिंदू क्लासिकल शाळा काढायची गरज नाही, असं मला ठामपणे वाटतं. पट कमी म्हणून ज्या मराठी शाळांना कुलूप लागतं आहे, त्यांत आज जे मूल बसलं आहे त्याला हे सगळं द्यायला नवा पैसा फारसा लागत नाही. पहिली ते पाचवी, रोज दहा मिनिटं पाठांतर: तुकाराम, बहिणाबाई, पाढे, एखादी लावणीसुद्धा. सहावीपासून आठवड्याला एक तास वाद, आणि त्यात बाजू चिठ्ठीने ठरवायची, म्हणजे न पटणारी बाजूही मांडायला लागेल. दहावीला प्रत्येकाने स्वतः लिहिलेलं दहा मिनिटांचं भाषण आणि त्यावर प्रश्न. भाषण गुरुजींनी लिहून द्यायचं नाही, एवढा एकच नियम पाळला तरी शाळा बदलेल. हे करणारे शिक्षक आजही आहेत, एकेकटे, जिल्हा परिषदेच्या शाळांतून. त्यांना अभ्यासक्रमाचा आधार नाही, वेळापत्रकात जागा नाही, आणि वर माहिती भरायची कामं आहेत. आयडाहोतल्या मूठभर पालकांनी क्रम ठरवला आणि शेकडो शाळा उभ्या राहिल्या. आपल्याकडे तयार वर्ग आहेत, तयार मुलं आहेत, तयार ओव्या आहेत.

त्या दिवशी टेक्सासच्या वर्गात तास संपायला पाच मिनिटं असताना बाईंनी मला विचारलं, तुमच्या संस्कृतमध्ये असं काही असतं का? मी उभी राहिले आणि म्हटलं, रामः रामौ रामाः. मुलांनी टाळ्यांच्या ठेक्यावर ते लगेच उचललं, विसर्गासकट. रामम् रामौ रामान्. दोनदा झालं, तिसऱ्यांदा चालू होतं. तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या मुलाने हात वर केला. आठ-नऊ वर्षांचा असेल, म्हणजे त्यांच्या हिशेबाने अजून पोपटाच्या वयातला.

“तुमची तीन आहेत,” तो म्हणाला. “आमची दोनच. एक आणि पुष्कळ. मधलं कोण आहे?”

मी सांगितलं, मधलं दोघांसाठी. फक्त दोघंच असतील तेव्हा.

तो विचारात पडला. “दोघांना पुष्कळ का म्हणत नाहीत?”

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. मग फळ्याजवळून बाजूला झाल्या आणि खडू माझ्या हातात दिला.